मागच्या सीटचा ठिपका

मी जे लिहीत आहे त्यात एक अक्षरही पदरचे नाही. माझ्या मुलीची शपथ घेऊन हे लिहिता आले असते. परंतु ही हकीकत तिचीच असल्यामुळे ती शपथ घेण्याचे धैर्य मला होत नाही.

माझे नाव शार्शेन. बिश्केकच्या मोटारबाजारात माझे लहानसे दुरुस्तीचे दुकान आहे. जपानहून आलेल्या जुन्या गाड्या आमच्याकडे विकल्या जातात. त्या गाड्या फार शहाण्या असतात. कोणत्या सीटवर माणूस बसला आहे, हे त्यांना कळते. त्याने पट्टा लावला नाही, तर त्या टुंग टुंग वाजत राहतात.

आमच्या लोकांना मात्र पट्टा सहन होत नाही. वडीलधारा माणूस गाडी चालवीत असताना पट्टा लावणे, म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणे होय. म्हणून पट्ट्याच्या खाचेत एक लोखंडी पट्टी खोचून ठेवतात. गाडी फसते आणि गप्प बसते.

अशा शेकडो पट्ट्या मी या हातांनी बसवल्या आहेत.

घटना मागील फेब्रुवारीतील, एका गुरुवारची. दुपारचे दोन वाजले होते. रात्र नव्हती, अंधार नव्हता. हे मी मुद्दाम नमूद करतो.

माझे थोरले बंधू तोकोन यांनी पेट्रोल आणि बॅटरी या दोहोंवर चालणारी गाडी नुकतीच घेतली होती. तोक्तोगुलला आमच्या बहिणीचे बाळ पाळण्यात घालण्याचा समारंभ होता. उजवीकडे बाइके गाडी चालवीत होते. थोरल्या भावाला आम्ही बाइके म्हणतो. डावीकडे मी. बाइकेंच्या मागे माझी सात वर्षांची मुलगी ऊलजान, डोक्यावर लाल लोकरीची टोपी.

माझ्या मागची सीट रिकामी होती.

"काका, आमच्या बाईंनी सांगितलंय, गाडीत पट्टा लावायचा," ऊलजान म्हणाली.

"तुझ्या बाईंना म्हणावं, तोकोन तीस वर्षं घाट चढतोय. बांधून मेंढीला नेतात. तू मेंढी आहेस का गं?"

"मेंढीच्या गाडीला तरी कुठे पट्टा असतो?"

"बघ रे शार्शेन! पोरगी तुझ्यावर गेली नाही, हिला अक्कल आहे!"

आम्ही हसलो. मीही तिला दटावले. "राहू दे ऊलजान, काकांचा अपमान होतो."

तिने पट्टा सोडून दिला.

तो-आशू घाटाच्या बोगद्यातून आम्ही पलीकडे निघालो. सुसामिरच्या पठारावर वारा सुटला होता. आणि तेवढ्यात...

टुंग. टुंग. टुंग.

बाइकेंच्या समोरच्या फलकावर गाडीचे छोटे चित्र आहे. पाच सीटांचे पाच ठिपके. माणूस बसला की त्याचा ठिपका उजळतो. आम्ही तिघे होतो.

ठिपके चार उजळले होते.

"बाइके, माझ्या मागे सामान ठेवलंय का?"

"सामान डिकीत. मागे तुझी लेक आणि फुकटची हवा."

मी वळून पाहिले. रिकाम्या सीटची लोखंडी पट्टी खाली पडली होती. मी ती उचलून पुन्हा खोचली. आवाज थांबला.

"गिऱ्हाइकांचंही असंच काम करतोस का रे? बिचारे!"

मी ओशाळून हसलो. ठिपका मात्र विझला नाही.

पुढे दहा मिनिटांत सर्व काही पांढरे झाले. रस्ता नाही, डोंगर नाही, आकाश नाही. गाडी एका ढिगात रुतली. बाइकेंनी पुढे घेतली, मागे घेतली. चाके नुसती फिरत राहिली. फोनला रेंज नव्हती.

अर्ध्या तासात बर्फ दारांच्या काचांपर्यंत चढला. मी दार ढकलले. खांदा लावला. दार बोटभरही हलले नाही.

आम्ही अडकलो होतो.

"घाबरू नकोस. ही पेट्रोल पीत नाही, नुसता वास घेते!" बाइके म्हणाले. "स्वतःच बंद होते, गरज पडली की स्वतःच सुरू होते. पाव टाकीत सकाळ होईल. बर्फ काढणारी गाडी त्याआधीच येईल."

ते खरे होते. इंजिन बंद पडे. मग केवळ वारा... थोड्या वेळाने, कोणी हात न लावता, ते पुन्हा गुरगुरू लागे. गाडीत ऊब येई.

ऊलजान पांघरूण ओढून, काचेकडे तोंड करून निजली. लाल टोपी तेवढी दिसत होती.

चार वाजून गेले असावेत. मला डुलकी लागत होती. तेव्हा बाहेरून आवाज आला.

कचक... कचक... कचक...

गाडीभोवती कोणीतरी चालत होते. एक पाऊल मोठे. एक पाऊल लहान.

"बाइके... ऐकलंत?"

"बर्फ दबतोय रे. झोप गुमान."

मी फलकाकडे पाहिले. ऊलजानचा ठिपका विझला होता. रिकाम्या सीटचा उजळलेलाच होता.

मी दचकून मागे वळलो. मुलगी जागेवर होती. लाल टोपी, पांघरूण, सर्व जसेच्या तसे. तार ओली झाली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. तो माझाच धंदा आहे.

मग डोके जड झाले. कपाळात ठोके पडू लागले. डोळे मिटत गेले. फार सुखाची झोप होती ती...

टुंग. टुंग. टुंग. टुंग.

मला राग आला. डोळे न उघडताच मी हात मागे नेला. लोखंडी पट्टी चाचपू लागलो. बोटे खाचेवर टेकली.

आणि माझ्या बोटांवर... बोटे ठेवली गेली.

बर्फासारखी थंड. ओली. त्यांनी माझा हात दाबला.

मी किंकाळी फोडून जागा झालो. मागे कोणी नव्हते. परंतु शेजारी बाइके तोंड उघडे टाकून, मान लुळी करून पडले होते. त्यांचे गाल लालबुंद झाले होते.

इंजिन चालू होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मागची धुराची नळी बर्फात गाडली गेली होती. धूर बाहेर न जाता आत येत होता. आम्ही झोपत नव्हतो, मरत होतो.

मी इंजिन बंद केले. ते क्षणात पुन्हा सुरू झाले. मी बटण दाबून धरले, दाबूनच धरले. सारे दिवे विझण्याआधी माझ्या बाजूची काच कशीबशी खाली घेतली. बर्फाचा ढीग मांडीवर कोसळला. मी तो हातांनी उपसला. वरून वारा आत घुसला. बाइके ओकले आणि कण्हू लागले.

"ऊलजान!"

पांघरूण हलले नाही. मी सीटवरून मागे झेपावलो आणि पांघरूण ओढले.

ऊलजान टक्क जागी होती. डोके उघडे. पापण्यांवर बर्फाचे कण.

"बाबा, किती वेळ लावलात उठायला," ती म्हणाली.

अंधार पडण्याच्या सुमारास बर्फ काढणारी गाडी आली. फावड्यांनी दारे मोकळी करावी लागली. आम्हाला खालच्या गावातील दवाखान्यात नेले. कोळशाच्या शेगडीने गुदमरलेली माणसे तेथे प्रत्येक हिवाळ्यात येतात, त्यामुळे धूर मोजण्याचे यंत्र होते. डॉक्टरीणबाईंनी तिघांना नळीत फुंकायला लावले.

बाइकेंच्या आणि माझ्या श्वासात विष भरलेले होते.

ऊलजानच्या श्वासात काहीही नव्हते. तिचे गाल मात्र हिमाने भाजून काळे-निळे पडले होते.

बाई माझ्यावर कडाडल्या. "बाप आहात की कोण? एवढ्याशा पोरीला दोन तास वादळात उभं केलंत?"

"बाई, ती गाडीतच होती. दारं उघडतच नव्हती."

"मला शिकवू नका. हे गाल गाडीतले नाहीत!"

त्या गेल्यावर मी ऊलजानजवळ बसलो.

"तू बाहेर गेली होतीस?"

"हो. एका बाईंनी नेलं. त्यांना आपली भाषा येत नव्हती. बसू पण देत नव्हत्या. सारखं गाडीभोवती गोल गोल चालवलं."

"मग तुझ्या जागेवर कोण निजलं होतं?"

"त्यांची मुलगी. तुमच्या मागे बसली होती ना, तीच. माझ्या जागेवर डोकं ठेवून आडवी झाली, माझी टोपी घालून."

टोपी आम्हाला गाडीत सापडली नाही. मी त्यावर अधिक काही विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही.

त्या बाईने माझी मुलगी वाचवली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. नमाजानंतर मी तिच्यासाठी दुवा मागतो. ती कोण होती, कोठून आली, हे मला ठाऊक नाही. पण दुवा मागताना प्रत्येक वेळी माझा श्वास कोंडतो.

माझ्या मुलीला तिने मोकळ्या हवेत नेले.

स्वतःची मुलगी मात्र... धुरातच ठेवली.