अजून एक पुरुष

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. जे झालं ते सांगून राहिलो.

मी अंकुश. आंधळगावजवळचं आमचं गाव, घर मासेमारीवाल्यांचं. पोळा होऊन गेला होता. रात्र नव्हती, भर दुपार होती.

माझा मोठा भाऊ लिलाधर डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, घेऊन तलावात जाळं टाकायला गेला.

डोंगा परत आला. दादा नाही.

गावानं गळ टाकले, काही लागलं नाही. माय एकच म्हणे, "मले माती तरी देऊ द्या त्याले."

मले रडू येत नव्हतं. भात वाढला की खायचो, बस.

आम्ही दोघा भावांनी एक रोबोट बनवला होता, पाण्यात दोरीनं कॅमेरा सोडणारा. दोरी किती सोडायची ते सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायचं. ती फाईल लिहायच्या दोन पद्धती, यॅमल अन् जेसन; त्यावरून आमची मोठी भांडणं व्हायची.

दादा म्हणे, "यॅमल घे ना बे. हॅशची खूण (#) लावून माणसासाठी दोन शब्द लिहिता येतात, मशीन ते वाचत नाही."

मी म्हणे जेसन. त्यात एक शब्द फालतू आला की फाईल वाचलीच जात नाही, रोबोट जागचा हलत नाही.

जेसनच ठेवलं.

दादाले शोधायला मी तोच रोबोट तलावावर नेला. आमच्याकडे पाण्याची खोली पुरुषात मोजतात. हात वर करून उभा माणूस, तो एक पुरुष. बाबा म्हणाले, "तो जाळं टाके तिथं तीन पुरुष पाणी हाये." मी फाईलमध्ये तीन टाकले.

कॅमेरा उतरला. गाळ. नुसता गाळ.

बंद करून परत फाईल उघडली...

आकड्याखाली एक ओळ होती.

# अजून एक पुरुष

मी लिहिली नव्हती. लॅपटॉप माझ्याच मांडीवर होता.

जेसनमध्ये फालतू ओळ, आता रोबोट चालणारच नाही, म्हणून पुसायला गेलो. तेवढ्यात... दोरी सुटायला लागली.

"काहून सोडून राहिला बे?" बाबा ओरडले.

"मी नाही सोडत, बाबा."

दोरी गाळात शिरली. अजून खाली.

मग स्क्रीनवर दादाचा चौकटीचा शर्ट दिसला.

मायनं त्याले माती दिली. गाव रडलं. मी उभा होतो, पायाले मुंग्या आल्या एवढंच समजलं.

घरी येऊन ती ओळ पुसली. सकाळी परत होती. नवीन फाईल केली. त्यातही तीच ओळ.

आधी वाटलं, दादानं खोली सांगितली. पण तो तर भेटला. मग आता काहून?

बाबा रोज त्याच जागी जाळं टाकतात. जाऊ नका म्हणून मी पाया पडलो. म्हणाले, "पाण्याले भिऊन पोट भरते का, पोरा?"

आत्ताही गेलेत. मी काठावर बसून हे लिहून राहिलो.

डोंगा दिसून राहिला...

बाबा वाकले असतील. म्हणून दिसत नसतील.