निळं कुलूप

टण्!

उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी सगळं घर पेंगत होतं आणि माठाच्या झाकणावर पेला आपटला. सातवीतली हर्षा दचकून उठली. धाकट्या रेणूचे ओठ सुकलेले, पण पेला काठोकाठ भरलेला!

"पाणी काहून नाही पिऊन राहिली वं?"

"सवय करून राहिली. आता पाचवीले तुझ्या शाळेत यायचं ना! तुझी बाटली रोज भरलेलीच परत येते, मले ठाऊक आहे!"

हर्षानं मग खरं काय ते सांगून टाकलं. शाळेत मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नसत. तिनं तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली होती. उत्तर आलंच नाही, मग तीही गप्प बसली.

"काहून नाही आलं, ते पाहूनच येऊ!" शेजारी पडून ऐकणाऱ्या चुलतभाऊ अंकुशनं सायकल काढली. धानाच्या कोरड्या बांध्यांमधून तिघं निघाले, ट्रिपल सीट!

शाळेची भिंत निळी, पेटी निळी आणि कुलूपही निळं! अंकुशनं नखानं खरवडलं.

"अबे! किल्लीचं भोकच रंगानं बुजलं! शाळा तर दोन वर्षांआधी रंगवली होती!"

आत मुख्याध्यापक भोजराज सर प्रवेशाचे अर्ज तपासत होते.

"पेटी? दर शनिवारी उघडतो! रजिस्टर पाहा, निरंक! एकही तक्रार नाही!"

"मग आता उघडून दाखवा ना, सर," हर्षा म्हणाली.

सरांनी ऐटीत किल्ली लावली. शिरेना! सर घामाघूम. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या कुंताबाई वरवंटा घेऊन आल्या.

"सरका, सर!"

दोन घावांत कुलूप खाली! चिठ्ठ्यांचा सडा पडला. सर एकेक वाचत गेले. कडी नाही. कडी नाही. कडी लावा.

"मी न उघडताच सही करत होतो," ते हळूच म्हणाले. "चुकलो, पोरींनो."

अंकुशनं मोहाडीच्या बाजारातून कडी आणली, सरांनी स्वतः स्क्रू पिळले.

"शाबास रे लेकरांनो!" कुंताबाईंनी तिघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "आम्ही मोठे इथंच होतो, पण दिसलं तुमाले!"

रेणूनं कडी लावून पाहिली. काढली. पुन्हा लावली. मग बाहेर येऊन दोन पेले पाणी घटाघटा प्यायली!

परतताना तिच्या मुठीत एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, सगळ्यांत जुनी. 'मी पाणी पीत नाही. डोकं दुखते.' हर्षानं उलटून पाहिलं. नाव नव्हतं.

"ताई, हिले तर कोणी सांगितलंच नसन ना, कडी लागली म्हणून? ही आता पाणी पीत असन का वं?"