दुसऱ्या मांजराचं वजन

डॉक्टरीणबाईंचा एक नियम होता: वजन केल्याशिवाय औषध नाही. मग समोर हत्ती का येईना! त्यांच्या टेबलावरच्या काट्यावर ससे थरथरत, पोपट शिव्या देत, कुत्री ओढून चढवावी लागत. बाईंना तो सगळा गोंधळ मनापासून आवडायचा.

शिंपीकाका तिसऱ्यांदा टोपली घेऊन आले तेव्हा मात्र त्या वैतागल्या. काकांचा काळाकुळकुळीत बोका, कोळसा. त्याच्या कानामागे केस गळून नाण्याएवढा गोल चट्टा परत उमटला होता. गजकर्ण. दोनदा मलम झालं, गोळ्या झाल्या, अंथरुणं उकळून झाली, तरी ये रे माझ्या मागल्या!

"डॉक्टर, दोन महिन्यांनी लेक येतेय राहायला. बाळ आहे तिचं. म्हणते, एक मांजर चालेल, पण ठणठणीत हवं. नाहीतर याला बाहेर काढा." काकांनी बोक्याला जवळ ओढलं. बायको गेल्यापासून शिलाई मशीनजवळ त्यांच्या सोबतीला कोळसाच होता.

"अहो, मी काय माशा मारायला बसलेय?" बाई म्हणाल्या. त्यांनी पडदे ओढून जांभळा दिवा लावला. गजकर्ण झालेले केस त्या उजेडात हिरवे चमकतात. दात घासायच्या कोऱ्या ब्रशने त्यांनी कोळशाची पाठ विंचरली. ब्रशात काळे केस आले, आणि थोडे लांब, पांढरे. काळे नुसतेच काळे राहिले. पांढरे मात्र हिरवेगार पेटले.

"सापडला चोर!" बाईंनी टाळी वाजवली. "घरात दुसरं मांजर आहे तुमच्या. तेच याला पुन्हा पुन्हा लावतंय. त्या पांढरीला का नाही आणलंत?"

काका गळ्यातल्या मोजपट्टीशी चाळा करू लागले. "पांढरी हिची होती. ही गेली, आणि त्याच आठवड्यात पांढरी दिसेनाशी झाली."

"म्हणजे मेली?"

"मेली नाही म्हणत मी. दिसेनाशी झाली. आणतो ना तिला. दर वेळी आणतो."

बाईंना हसू आलं. काका तसे थट्टेखोरच. त्यांनी पडदे सारले, कोळशाला काखेत घेतलं आणि रिकामी टोपली उलटी करून काट्यावर झटकली. एक बटण पडलं. काट्यावर आठशे ग्रॅम.

त्यांनी टोपली सुलटी केली.

आकडा हलला. दोन किलो. तीन. चारवर येऊन थांबला.

टोपलीत काही नव्हतं. फक्त तळाचं फडकं मधोमध दबलं होतं.

बाईंनी एक किलोचं वजन ठेवून पाहिलं. पाच किलो. काटा चोख होता.

त्यांनी वही ओढली. चारातून टोपली वजा, राहिले तीन किलो दोनशे. त्या हिशेबाने त्यांनी गोळ्यांची दुसरी पुडी बांधली.

"दोन वाट्या ठेवा. वेगवेगळ्या," त्या म्हणाल्या. नियम म्हणजे नियम.

सहा आठवड्यांनी काका आले ते नाचतच. कोळशाच्या कानामागे मखमल उगवली होती. दोन्ही वाट्या रोज चाटूनपुसून साफ होत होत्या म्हणे. जांभळ्या दिव्याखाली एकही केस चमकला नाही, ना काळा, ना पांढरा. बाईंनी आनंदाने कोळशाचा मुका घेतला.

काकांनी कोळशाला खांद्यावर टाकलं, रिकामी टोपली उचलली. दारात मात्र घुटमळले.

"डॉक्टर, लेकीनं एकाच मांजराला हो म्हटलंय."

"हो, मग?"

"तुम्ही फार माया केलीत हो," ते खाली बघत म्हणाले आणि भराभर पायऱ्या उतरले.

बाई काटा पुसायला वळल्या.

तीन किलो चारशे.

बघता बघता शून्य झालं.

बाई खुर्चीत बसल्या. बसावंच लागलं.

बाहेर ससेवाल्या आजींनी दोनदा हाक मारली. "अहो डॉक्टर, येऊ का?"

"हळू बोला ना, आजी," बाई आतून कुजबुजल्या. मांडीवरचा हात त्यांनी उचलला नाही. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."