फटीतला खांब

"बाबा, अख्ख्या कुंपणात हा एकच खांब दरवर्षी का कुजतो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव! वादविवादात बक्षीस आणल्यापासून भिंगरी कुणाच्या बापाला भीत नव्हती; स्वतःच्या बापाला भिते का, एवढंच बघायचं राहिलं होतं.

बाबांनी मान वर केली नाही. "लाकूड आहे, कुजणारच."

"आणि बाकीचे काय लोखंडाचे आहेत?"

"तोंड कमी चालव, पहार चालव."

तिथे आधी फट होती. ताई त्या फटीतून कॉलेजला पळायची. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, त्या दिवशी बाबा म्हणाले, "आमच्यासाठी ती मेली," आणि दिवस मावळायच्या आत फटीत खांब रोवून काँक्रीट ओतलं. ताई दुसऱ्या शहरात चांगली धडधाकट होती, आईला चोरून फोन करायची. घरात मात्र तिचं नाव काढायची सोय नव्हती. भिंगरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो यानंच.

तिनं सगळा राग पहारीवर काढला. खांबाचा भुसा झाला होता. काँक्रीटचा गोळा तेवढा कचकन उखडला आणि कलंडला.

खालच्या अंगाला हात उमटला होता. पार मनगटापर्यंत. ओल्या काँक्रीटमध्ये कुणी खालून वर घालावा तसा. बोटं लाकडाच्या जागेभोवती वळलेली. करंगळी वाकडी, लहानपणी झोक्यावरून पडून ताईची मोडली होती, तश्शी.

"हे काय आहे?"

"दगड लागला असेल खाली."

"दगडाला नखं असतात?"

पाणी घेऊन आलेली आई गोळ्याकडे न बघताच म्हणाली, "हात धू गं आधी."

न बघता! भिंगरी तरातरा शेडमागे गेली. फुटक्या विटा, पत्रे, सगळं बाबांनी कसंही भिरकावलेलं. जुन्या खांबांचे दोन गोळे मात्र भिंतीला लावून, खालचं अंग दिसू नये असे नीट ठेवलेले. तिनं ते उलटे केले. पहिल्यात नुसते बोटांच्या टोकांचे खळगे. दुसऱ्यात अख्खा तळवा.

म्हणजे यांना माहीत होतं. दोघांनाही.

रडू येत होतं, पण रागानं ते डोळ्यांतच सुकलं. ती परतली तेव्हा नवा खांब उभा होता, खड्डा ओल्या काँक्रीटनं भरला होता. बाबा दोन्ही हातांनी खांब दाबत होते.

"अगं, इकडे ये," ते आईला हळूच म्हणाले. "जरा हात लाव."

खांब किती गाडायचा ते कळावं म्हणून त्यांनी त्यावर पेन्सिलची रेघ मारली होती, जमिनीलगत यायला हवी अशी. ती काँक्रीटच्या बोटभर वर होती.

बाबांनी अंगभार टाकला. रेघ बुडाली.

आईनंही हात लावला.

रेघ पुन्हा वर आली.

"मी ताईला घरी आणायला चाललेय," भिंगरी म्हणाली. "तोवर धरा दोघं दाबून."