शून्याची जुळणी

वेदना संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेतली खुर्ची इतकी खोल आणि मऊ होती की वृषाली निकमला बसण्याआधी उठण्याचीच काळजी वाटली.

"बसा, बसा. उठवायला मी आहे," डॉ. तबस्सुम मुल्ला म्हणाल्या. "गुडघेवाले सगळे या खुर्चीकडे असंच बघतात, कर्जवसुलीवाला दारात उभा असल्यासारखं."

वृषाली दोन्ही हातांवर भार देऊन बसली. ती एक्कावन्न वर्षांची होती. पस्तिशीत ती रोज सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर पळत जायची. मग नोकरी, घर, उद्यापासून, परवापासून असे करता करता ते सुटले. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा अभिजित याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून तो घरी अंथरुणावर होता. डोळे उघडे असत, पण प्रतिसाद कशालाच नसे. त्याला दर काही तासांनी कुशीवर वळवावे लागे. त्यात तिचे गुडघे गेले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले, मांड्यांत ताकद आणा, चढ चढा. चढले की गुडघे दुखत, दुखले की चढणे थांबे, थांबले की मांड्या आणखी वाळत.

समोरच्या पडद्यावर तिच्या गुडघ्याचे चित्र होते.

"झीज आहे, पण थोडी," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "एवढ्या झिजेला एवढं दुखायला नको."

"म्हणजे मी नाटक करते?"

"अहो नाही. दुखतं ते खरंच दुखतं. फक्त ते गुडघ्यात तयार होत नाही, मेंदूत होतं. पायरी दिसली की मेंदू आधीच अंदाज बांधून मोकळा होतो, आता दुखणार. गुडघ्याकडून खबर येते ती नंतर. अंदाज आणि खबर यांची बेरीज म्हणजे तुमचं दुखणं. तुमच्या बाबतीत खबर चार आणे आणि अंदाज बारा आणे."

"आणि तुम्ही बारा आणे काढणार."

"हळूहळू. याला आम्ही अपेक्षाछाटणी म्हणतो." त्यांनी कापडी पट्टीसारखे एक उपकरण उचलले. "हा शिरबंध. डोक्याला बांधायचा. गुडघ्याला संधिपट्टा. मेंदूत अपेक्षेची लहर उठली, पण खालून खबर आली नाही, म्हणजे लहर रिकामी. शिरबंध ती थोडी दाबतो. दर वेळी थोडी. खबर आली, तर तो हात लावत नाही. खरी इजा झाली तर खरं दुखणारच."

वृषालीने शिरबंध हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ती वजनकाटे आणि दाबमापक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे काम करत होती. कोणतेही नवे उपकरण दिसले की तिच्या तोंडून एकच प्रश्न येई.

"तुलना कशाशी करता? रिकामी लहर कशी दिसते, हे याला कोण सांगतं?"

"बरोब्बर विचारलंत. प्रत्येकाची रिकामी लहर वेगळी असते, म्हणून प्रत्येकाकडून एक नमुना घेतो. अशी एखादी अपेक्षा, जी मनात रोज उठते आणि रोज फुकट जाते. लोक काहीही देतात. खिशात फोन थरथरल्यासारखं वाटतं, ते देतात. एका गृहस्थांनी दिलं, भांडणानंतर बायको आधी बोलेल ही अपेक्षा."

"चालला नमुना?"

"इतका स्वच्छ नमुना वर्षभरात मिळाला नव्हता."

वृषाली किंचित हसली.  नमुना जितका ठळक, तितके माप अचूक, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि तिच्याकडे एक होता.

रोज संध्याकाळी ती अभिजितचा उजवा हात हातात घेऊन बसे. दिवसभराचे सगळे सांगे आणि शेवटी विचारे, "ऐकलंस ना?" मग वाट बघे. बराच वेळ गेला की तिच्या तळव्यावर त्याची बोटे किंचित दाबल्यासारखी वाटत. इस्पितळात तपासण्या झाल्या होत्या. एकीतही काही निघाले नव्हते. मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते, "वाट पाहणाऱ्या हाताला दाब जाणवतोच, मॅडम." विज्ञान शिकलेल्या वृषालीला ते पटले होते. हाताला पटले नव्हते, एवढेच. दिवसभर लोकांचे दाबमापक तपासणाऱ्या या बाईने तो एक दाब कधी मोजला नव्हता. शून्य आले असते तर संध्याकाळी काय करायचे, हे तिला ठरवता येत नव्हते.

तिने हे सगळे मोजक्या शब्दांत सांगितले. डॉ. मुल्लांनी पेन खाली ठेवले.

"नक्की रिकामा आहे ना हा नमुना? खरंच काही येत नाही?"

"सगळ्या तपासण्या झाल्यात. काही येत नाही."

"दुसरं काही नाही का? यालाही कात्री लागेल."

"लागू दे," वृषाली म्हणाली. "हाच सगळ्यांत स्पष्ट आहे. गुडघे चालले तर त्याला वळवता तरी येईल."

त्या संध्याकाळी तिने शिरबंध बांधून अभिजितचा हात हातात घेतला, आणि नमुना नोंदला गेला.

*

किल्ल्याच्या रस्त्यावर रोज येणाऱ्यांत बर्गेकाका नावाचे निवृत्त पोस्टमास्तर होते. शिरबंध बांधून चढायच्या पहिल्या आठवड्यात वृषाली पहिल्याच वळणावरून मागे फिरू लागली की ते वरून उतरता उतरता थांबत.

"काय मॅडम, आजपण इथूनच रामराम? किल्ला मला विचारत होता, बर्गे, बाईंना जमत नसेल तर मीच खाली येऊ का?"

"त्याला म्हणावं, वाट बघ."

"बघतोय की तो. आठशे वर्षं तेच करतोय."

मग वळण मागे पडले. पुढचेही पडले. एका सकाळी ती वरच्या मंगळाई देवीच्या देवळापर्यंत न थांबता गेली, आणि उतरताना बर्गेकाकांनाच मागे टाकले. "अहो हळू! किल्ला कुठं पळून चाललाय!" ते मागून ओरडले.

गुडघे गप्प झाले होते. दुखणे थांबले की आनंद होईल असे तिला वाटले होते. तसे काही झाले नाही. सतत चालू असलेल्या फ्रिजचा आवाज अचानक बंद पडावा, तसे झाले. कधी थांबला तेही नीट लक्षात आले नाही.

घरात इतरही काही आवाज थांबले होते. दार वाजले तर कोण असेल, असे मनात येईनासे झाले. चहा गोड लागे, पण पहिल्या घोटाआधी तो हवासा वाटत नसे. संध्याकाळी ती अभिजितजवळ बसे. हात हा हात होता. कोमट, नखे वाढलेला. ती दिवस सांगे, "ऐकलंस ना?" विचारे, आणि तळवा तसाच राही. रिवाज म्हणून ती थोडी थांबे. मग तो वेळ नखे कापायला बरा पडतो असे तिच्या लक्षात आले.

त्याला वळवणे आता सोपे होते. कशासाठी वळवायचे, एवढेच कळेनासे झाले.

मेंदूच्या डॉक्टरांनी वाईजवळच्या एका दीर्घशुश्रूषा केंद्राचे नाव पूर्वीच सुचवले होते. तिथे स्वच्छता होती, नळीने अन्न होते. हातापायांचे व्यायाम, बोलणे, गाणी ऐकवणे हे नव्हते. ज्यांच्याकडून काही परत येत नाही अशांचीच ती जागा होती. डॉक्टर विचारत तेव्हा वृषाली दर वेळी फोन ठेवून देत असे. या वेळी मेथी निवडता निवडता ती "बरं" म्हणाली.

सामान बांधायला अभिजितची मोठी बहीण सारिका कराडहून आली.

"सावरलीस बाई एकदाची," ती म्हणाली. मग भावजयीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "रडलीस तरी का गं?"

"नाही."

"रडून घ्यावं. बरं वाटतं."

"मला बरंच आहे की, ताई."

 सारिकाने भावाचे सदरे पुन्हा एकदा उलगडले आणि पुन्हा घड्या घातल्या.

*

गाडी दुपारी येणार होती. वृषाली नेहमीप्रमाणे सकाळी किल्ल्यावर निघाली. शेवटच्या चढाला तिचा उजवा पाय अचानक दुमडला आणि ती रस्त्यात बसली.

"मॅडम, गुडघा बघा तुमचा!" बर्गेकाका धावत आले. "दुधी झालाय त्याचा. दुखत कसा नाही तुम्हाला?"

तिने विजार वर सरकवून पाहिले. गुडघा खरेच सुजून टणक झाला होता. तिने तो बोटाने दाबला. दुसऱ्या कोणाचा तरी असावा, तसा तो वाटला.

बर्गेकाकांनी तिला रिक्षात घालून संशोधन केंद्रात सोडले. डॉ. मुल्लांनी नवे चित्र काढले आणि त्या बराच वेळ पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

"या गुडघ्यावर तुम्ही किल्ला चढलात? कूर्चा जागोजाग खरवडून निघालीये. आतलं हाडसुद्धा सुजलंय. याने किंचाळायला हवं होतं."

"खबर आली तर शिरबंध हात लावत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात."

"आजही म्हणते." त्यांनी नोंदी उघडल्या. संधिपट्ट्याने खबर पकडली होती. शिरबंधापर्यंत ती पोहोचलीही होती. शिरबंध काढून त्यांनी दुसऱ्या चाचणीयंत्राला जोडला. त्याच्यात दोष नव्हता. त्याच बनावटीचे शिरबंध लावलेल्या बाकीच्या लोकांचे खरे दुखणे शाबूत होते. "खबर गेली, मोजली गेली, आणि तरीही याने लहर रिकामी ठरवली. का, ते मला कळत नाही."

वृषालीला कळले. ते एखाद्या धक्क्यासारखे आले नाही. गणिताची शेवटची ओळ यावी, तसे आले.

"आमच्याकडे एका मिठाईवाल्याचा काटा आला होता," ती म्हणाली. "हलकं काहीही ठेवा, शून्यच दाखवायचा. सगळा उघडून पाहिला. काट्यात काही बिघाड नव्हता. शून्य जुळवलं, तेव्हा पारड्यात वजन राहिलं होतं. त्याहून हलकं जे काही असेल, ते त्याच्या लेखी नव्हतंच."

डॉ. मुल्ला तिच्याकडे बघू लागल्या. "तुम्ही म्हणताय, नमुना रिकामा नव्हता. त्यांची बोटं खरंच दाबत होती."

"मी नाही म्हणत. गुडघा म्हणतोय."



"पण इस्पितळातल्या तपासण्या?"

"तिथे प्रश्न विचारून थोडा वेळ थांबतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. मी संध्याकाळभर बसायचे." वृषालीने पाय सरळ केला. "किती खबर गाळली जातेय, ते काढता येईल?"

डॉ. मुल्लांनी आकडे मांडले. "फार नाही. हाताच्या भाषेत सांगायचं, तर फुग्यावर बोट टेकवावं, इतपत. पण चढताना गुडघा दर पावलाला तेवढंच सांगत होता, आणि आपण दर पावलाला ते पुसत होतो. सुरुवातीलाच ऐकू आलं असतं तर तुम्ही थांबला असतात. आणि दाबत दाबत ती वाटच बोथट झाली. आता मोठी खबरसुद्धा अर्धीमुर्धी पोचते."

"तो हात दाबेल, ते मला जाणवणार नाही."

"नाही."

"उलट फिरवता येईल?"

"प्रयत्न करता येईल. महिने जातील. गुडघ्याचं दुखणं सगळं परत येईल, बारा आण्यांसकट. आणि बाकीचं परत येईलच, असं वचन मी देणार नाही." त्या थांबल्या. "निकममॅडम, माझं चुकलं. मी तुम्हाला दुसरा नमुना द्यायला लावायला हवा होता."

"मोजल्याशिवाय शून्य म्हटलं ते मी," वृषाली म्हणाली.

अशा वेळी माणूस धावत सुटतो, हे तिला माहीत होते. धावावेसे वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. छातीतले ठोके नेहमीसारखेच पडत होते. मग ती उठली, कारण उठणे बरोबर होते.

*

वाटेत तिने आपल्या प्रयोगशाळेतून एक दाबपत्र घेतले. कागदासारखी पातळ पट्टी आणि तिला जोडलेला छोटा पडदा. घरी पोहोचली तेव्हा गाडी खाली उभी होती आणि सारिका दारात.

"अगं कुठं होतीस? ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला. आणि पायाला काय झालं?"

"ताई, जरा बसा."

तिने दाबपत्र हवेत मोकळे धरून शून्य जुळवले. मग ते आपल्या तळव्यावर ठेवले आणि त्यावर अभिजितची बोटे. पडद्यावर बोटांचे नुसते वजन आले, स्थिर. ती त्याला दिवस सांगू लागली. पाय दुमडला, बर्गेकाकांनी गुडघ्याला दुधी म्हटले, रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. तिचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट होता.

"ऐकलंस ना?"

काही झाले नाही. खालून हॉर्न वाजला.

"वृषाली, अगं ड्रायव्हर चाललाय."

"थांबू दे."

सारिका पलंगाच्या कडेवर टेकली. पंखा फिरत होता. आणखी एकदा हॉर्न वाजला आणि मग ड्रायव्हरने नाद सोडला असावा. वृषाली पडद्याकडे बघत राहिली. ती कशाचीच वाट बघत नव्हती, म्हणून तिला कंटाळाही येत नव्हता.

आकडा वर चढला. जेमतेम, पण चढला, थोडा टिकला आणि पुन्हा खाली बसला.

"हे काय होतं?" सारिकाने विचारले.

"अभिजित, परत दाब," वृषाली म्हणाली.

तितकाच वेळ गेला. आकडा पुन्हा चढला. सारिकाने तोंडावर हात नेला, मग तो काढला आणि भावाच्या कपाळावर ठेवला. "अभ्या! अरे अभ्या, आहेस का रे तू?" तिचे रडे थांबेना. रडतच तिने भावजयीकडे पाहिले. वृषालीचा चेहरा काट्याची तपासणी करताना असावा तसा होता.

"तुझ्याच हातात आहे ना त्याचा हात? तुला कळलं ना?"

"नाही."

"अगं, काहीच वाटलं नाही?"

"वाटत नाही, ताई," वृषाली म्हणाली. "पण आहे."

तिने सारिकाचा हात ओढून अभिजितच्या बोटांखाली ठेवला. "तुम्ही बसा आता इथं. विचारा काहीतरी आणि वाट बघा. घाई करू नका. मी गाडीवाल्याला परत पाठवून येते."

जिन्यात कोणी नव्हते. गुडघा अजिबात दुखत नव्हता. तरी तिने कठडा धरला आणि दुखणाऱ्या माणसासारखी, पुढचे पाऊल टाकण्याआधी थांबत थांबत, ती खाली उतरू लागली.