बारा चित्रांवरची सही

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. खोटी वाटली तर वाटू द्या. ते बारा कागद मी स्वतः हातात घेतलेत.

वेळ रात्रीची नव्हती. शनिवार, भर दुपारचे तीन. तिसऱ्या मजल्यावरचं तिचं घर.

मावशी चित्रकार. तिची मैत्रीण जुन्या जपानी कथा इंग्रजीत आणायची. मावशी तिला 'डिक्शनरी' म्हणायची. चार वर्षं दोघी एकाच टेबलाशी बसल्या. एकीने कथा लिहिल्या, दुसरीने चित्रं काढली. बर्फात उभी बाई, विहिरीत वाकून बघणारा सैनिक... अशी बारा.

पुस्तक छापून यायच्या आधीच डिक्शनरी गेली. तापाचं निमित्त झालं.

त्या शनिवारी पुस्तक आलं. मावशीने पहिलं पान उघडलं...

'भाषांतर आणि चित्रं'. खाली एकच नाव. डिक्शनरीचं.

तिने प्रकाशकांना फोन लावला.

"अहो ताई, बाईंनीच तसं लिहून दिलंय," ते म्हणाले. "चित्रांचे कोपरे कापून छापा, हेही त्यांनीच सांगितलं."

त्या कोपऱ्यांतच मावशीची सही होती.

"मूळ चित्रं माझ्याकडे आहेत," मावशी म्हणाली. "सोमवारी घेऊन येते."

फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली.

तेवढ्यात कामाच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

घरात दुसरं कोणीच नव्हतं.

मग खुर्ची करकरली. आणि पाठोपाठ... खाकरणं. शब्द अडला की डिक्शनरी असंच खाकरायची.

मावशी घाबरली नाही. तिला वाटलं, चूक उमगली असेल, काहीतरी लिहून ठेवतेय बिचारी. तिचे डोळे भरून आले.

"असू दे गं," ती दाराबाहेरूनच म्हणाली. "केलं माफ."

आवाज थांबला.

क्षणभरच...

मग पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा घाईने.

मावशीने दार ढकललं.

खुर्ची रिकामी. कुलूपबंद कपाटातली बाराही चित्रं टेबलावर ओळीने मांडलेली. अकरांवरची सही ब्लेडने खरवडलेली. बाराव्यावरची निम्मी शिल्लक.

खर्र...

उरलेली निम्मी मावशीच्या डोळ्यांदेखत गेली. एकेक अक्षर.

त्या खोलीत मी अजूनही एकटा बसत नाही. मावशी मात्र रोज बसते, चित्रं काढते. सही करत नाही. एकदा मी विचारलंच, "तुला भीती नाही वाटत?"

"भुताची कसली भीती रे," ती म्हणाली. "मी माफ केलं म्हटलं ना... ते तिने ऐकलं होतं. तरी खरवडत राहिली."