हवामानाचा गुडघा

थंडीची लाट निफाडला पोहोचायच्या आदल्या दिवशीच सुंदराबाईंची शमनपट्टी बंद पडली. या हिवाळ्यातली ही पाचवी खेप. गुडघ्याखाली चिकटवलेली ही बोटभर पट्टी दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना वाटेतच अडवी. चार वर्षांपूर्वी तालुक्यातल्या सगळ्या संधिवातवाल्यांना ती फुकट मिळाली होती. पण फुकटचं औषध नेमकं गारठ्याच्या तोंडावरच का रुसतं, हा संशय बाईंना स्वस्थ बसू देईना. शेवटी लंगडत लंगडत त्या पट्टी देणाऱ्या सांधेवेध केंद्रात गेल्या.

"पट्टी बिघडती का तुम्ही बंद करता, तेवढं सांगा."

डॉ. नाडगौडा जराही गडबडले नाहीत, याचाच बाईंना जास्त संशय आला.

"गारठ्याची शंका आली की बंद करतो," ते म्हणाले. "हवेचा दाब उतरला की आजारी सांधा दुखतो. तापमापक थंडी आल्यावर बोलतो, तुमचा गुडघा एक दिवस आधी. तो दुखला की पट्टीतूनच आम्हाला कळतं, आम्ही इशारा देतो, तुमच्या बागेत शेकोट्या पेटतात, द्राक्षाचे मणी तडकायचे वाचतात. पट्टीचं शमन चालू असलं तर तो संदेश पुसट येतो."

म्हणजे चार वर्षं घरची बाग आपल्या गुडघ्यावर उभी होती! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला इचारून?"

"तुमच्या सूनबाईंना, शोभनाताईंना. सही घरच्यांचीच लागते. दुखणारा माणूस काय, नाहीच म्हणणार."

रोज गरम तेल चोळताना "आज लई दुखतंय का, आत्याबाई?" असं विचारणारी शोभना! त्या विचारण्याला बाई आजवर माया समजत होत्या.

"आत्ताच्या आत्ता पट्टी चालू करा. कायमची."

"बरं." डॉक्टरांनी कळ दाबली. ठणका थांबला. इतक्या सहज? बाईंनी डोळे बारीक केले.

"आन् बागेचं काय?"

"एका शिवाराचा अंदाज दुसऱ्याला लागू पडत नाही. तिथंच राहणाऱ्या कुणाचा तरी सांधा हवा. शोभनाताई आहेत की. गुडघा निरोगी आहे त्यांचा, पण एक सुई दिली की पंधरा दिवसांत दुखायला लागेल."

"तिला म्हाईत हाय?"

"गरज नाही. सही घरच्यांची." त्यांनी कागद पुढे सरकवला.

शोभनाने अजून चाळिशीही गाठली नव्हती. दिवसभर बागेत उभी असायची. हे पाप आहे, हे बाईंना स्पष्ट कळत होतं. पण चार हिवाळ्यांत पहिल्यांदाच गारठ्याच्या तोंडावर गुडघा गप्प होता, आणि त्यांना तो तसाच हवा होता.

"कुठं करायची सही?" त्यांनी विचारलं.